पगडीतला खळगा

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा एखादा माणूस उघड्या डोक्याने घराबाहेर पडलेला दिसला, तर शेजारी हातातलं काम टाकून विचारत, "अरेरे, कोण गेलं घरात?" त्या काळी माणूस जेवणाशिवाय एक दिवस राहील, पण पगडीशिवाय चार पावलं चालणार नाही.

अशा त्या काळात दोन डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य खाली, पाणी वर. वरच्या खोऱ्यात एक मोठा दगडी बंधारा होता आणि त्याची पाणी सोडायची मोरी डोंगरातल्या लोकांच्या ताब्यात होती. ती मोरी उघडी असे म्हणून खालची शेतं हिरवी असत.

या पाण्यामागे एक जुना करार होता. राज्याचा पहिला राजा आणि डोंगरातले लोक यांनी मिळून तो बंधारा बांधला, तेव्हा ठरलं, की गादीवर नवा राजा बसला की त्याने पहिल्या राजाची पगडी घालून वर यायचं. डोंगरातलं सगळ्यांत वडील माणूस ती पगडी आपल्या झोपडीत न्यायचं, दार लावून घ्यायचं, आणि बाहेर येऊन सांगायचं, "ओळखली." मग मोरी उघडायची. "नाही ओळखली," असं कोणी अजून म्हटलं नव्हतं. पण म्हटलं, तर मोरी बंद. झोपडीत ती पगडी कशी ओळखतात, हे मात्र खालच्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

तर त्या वर्षी म्हातारा राजा वारला आणि त्याचा तरुण मुलगा गादीवर आला. वर जायचा दिवस ठरला. राजाची वस्त्रं आणि दागिने सांभाळणारा जामदार होता, त्याचं नाव येसोबा. येसोबा मोठा काटेकोर माणूस. कुठल्या पेटीत काय आहे, कुठल्या शेल्याला कुठे डाग आहे, सगळं त्याला तोंडपाठ. फक्त पहिल्या राजाच्या पगडीची पेटी म्हातारा राजा गादीवर बसला त्यानंतर कोणी उघडलीच नव्हती, म्हणून ती पगडी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने कुलूप काढलं, मोठी शिसवी पेटी उघडली, आणि तो मटकन खालीच बसला.

उंदरांनी पेटीच्या तळाला भोक पाडलं होतं. पगडीच्या मागच्या चार घड्या कुरतडल्या होत्या. अस्तराच्या चिंध्या झाल्या होत्या, पीळ सुटून लोंबत होते, जर काळी पडली होती. आणि माथ्यावर, अगदी मधोमध, नारळाच्या वाटीएवढा खळगा होता.

राजाने पगडी पाहिली.

"येसोबा, दिवस किती उरलेत?"

"चाळीस, महाराज."

"राज्यातला सगळ्यांत चांगला पगडबंद निवडा. कोणाला निवडायचं ते मी विचारणार नाही. पण वर ही पगडी ओळखली गेली नाही, तर खालच्या साठ गावांना मी काय सांगू, ते मात्र तुम्हाला विचारीन."

दवंडी पिटली, आणि राजधानीत काय उधाण आलं म्हणता! पगड्या बांधणारे पगडबंद चारी दिशांनी आले. कोणी बैलगाडीने, कोणी घोड्यावर, कोणी डोक्यावर एकावर एक तीन पगड्या चढवून. चावडीवर रोज जत्रा. भाजीवालीसुद्धा वांगी तोलताना सांगू लागली, की अमक्याच्या पिळाला तोड नाही आणि तमक्याची घडी म्हणजे केवड्याचं पान. येसोबाला रात्रीची झोप येईना, पण दिवसा त्याच्या पायांना चाकं लागली होती. इतके कसबी हात एका जागी त्याने जन्मात पाहिले नव्हते.

पगडीची दशा पाहून बरेच जण आल्या पावली परतले. शेवटी दोन उरले.

एक राजधानीतलाच गणोजी. त्याचं दुकान पेठेच्या तोंडाशी, दुकानात शिसवी ठोकळ्यांच्या रांगा, प्रत्येक ठोकळ्यावर एक पगडी. सरदार, सावकार, शास्त्री, सगळ्यांच्या पगड्या त्याच्याकडच्या. तो म्हणे, "माझ्या हातून गेलेल्या पगडीला कोणी जुनी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही." आणि ते खरंच होतं.

दुसरा कुशाबा, कुठल्याशा बाजारगावचा. त्याच्याकडे ठोकळा नव्हता. तो पगडी आपल्या गुडघ्यावर बांधायचा. उजवा गुडघा घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता, की पोरं त्यात तोंड बघतात असं लोक म्हणत.

आता निवडायचं कसं? येसोबाने विचार केला. राजाची पगडी एकच, तिच्यावर परीक्षा घेता येत नाही. पण त्याच्या घरी माळ्यावर दोन जुन्या पगड्या होत्या. एक त्याच्या वडिलांची, एक थोरल्या काकांची. दोघे भाऊ एकाच दिवशी राजाच्या चाकरीला लागले, तेव्हा कापडाच्या एकाच थानातून, एकाच हाताने बांधलेल्या. रंग तोच, घडी तीच, आणि उंदरांनी कुरतडल्याही सारख्याच. याहून नेकीची परीक्षा कुठली?

येसोबाची आई आवडाई ओटीवर लसूण सोलत होती. तिने विचारलं, "देतोस ते दे. पण परत येतील ना?"

"अगं आई, नव्या होऊन येतील."

"नव्या मला काय करायच्यात?" म्हातारी म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला लागली.

वडिलांची पगडी गणोजीला गेली, काकांची कुशाबाला. मुदत आठ दिवसांची.

नवव्या दिवशी सकाळी चावडीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोक झाडावर चढले होते, कौलांवर बसले होते. गणोजीने तबकावरचा रुमाल काढला आणि साऱ्या गर्दीने एकदम श्वास आत ओढला. पगडी अशी, जणू आत्ताच गाभाऱ्यातून आणली. घडीवर घडी, केसभर फरक नाही. जर लखलखते आहे. कुठे भोक होतं, कुठे ठिगळ आहे, येसोबाने उन्हात धरून पाहिलं, उलटी करून पाहिलं, त्याला सापडलं नाही.

मग कुशाबाने आपल्या फडक्याची गाठ सोडली.

पगडी धड होती. कुरतडलेल्या घड्या भरल्या होत्या, पीळ बसले होते. पण रंग जुनाच. उजव्या कानावरची घडी जरा वर उचललेली, समोरचा काठ घासलेला, तो तसाच.

"कुशाबा," झाडावरून कोणीतरी म्हणालं, "पगडी दुरुस्त केलीस, की नुसती फिरवून आणलीस?"

"नुसती फिरवली असती तर उंदीरपण परत आणला असता," कुशाबा म्हणाला. लोक खदखदा हसले.

"आणि ही घडी वाकडी का ठेवली?" येसोबाने विचारलं.

"ती उंदराने वाकडी केलेली नाही."

येसोबाला उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर त्याने ते नीट ऐकलंही नाही. त्याच्या डोळ्यांत गणोजीची जर भरली होती आणि कानांत गर्दीचा गलका. त्याने तिथल्या तिथे राजाची पगडी गणोजीच्या हातात दिली. हलगी वाजली, गुलाल उडाला, गणोजीला लोकांनी खांद्यावरून दुकानापर्यंत नेलं. कुशाबाने फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि तो नदीच्या वाटेला लागला.

येसोबा घरी आला. त्याने स्वतःची पगडी काढून खुंटीवर ठेवली आणि शेजारच्या दोन खुंट्यांवर त्या दोन पगड्या टांगल्या. मग हाक मारली, "आई, बघ तरी."

आवडाई लसूण सोलता सोलता उठून आली. वडिलांच्या पगडीपुढे उभी राहिली, मान वाकडी करून पाहू लागली.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "कोणाची रे?"

"आई, बाबांची."

"हो का?" म्हातारीने पुन्हा पाहिलं. "ते जेवून झाले की ओटीवर बसून पगडी भुवयांवर ओढून घ्यायचे. डोळा लागायचा त्यांचा. पुढचा काठ खाली आला होता, बघ, तिथे. आता अगदी सरळ आहे." तिने हात पुढे केला आणि पगडीला न लावताच मागे घेतला. "असू दे. छान केली आहे."

आईची नजर आता अधू झाली, असं येसोबाने मनाशी म्हटलं. तेवढ्यात आवडाई वळली आणि तिची दृष्टी दुसऱ्या खुंटीवर गेली.

आणि काय झालं म्हणता? त्या सत्तरीच्या बाईने झटकन पदर डोक्यावर ओढला, दोन पावलं मागे सरली आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

येसोबा बघतच राहिला. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने उघड्या डोक्याने उभं राहायचं नाही, ही त्या काळची रीत. पण काकांना जाऊन तर वीस वर्षं झाली होती.

"आई, काय झालं?"

दाराआडून आधी हसू आलं आणि मग हुंदका. "अरे, भाऊजी रागावले की उजव्या कानावरची घडी अंगठ्याने वर सारायचे. मला वाटलं, आले. आणि रागावूनच आले. वीस वर्षांनी, आणि माझ्या हाताला लसणाचा वास."

कुशाबाचं वाक्य येसोबाच्या कानात आत्ता कुठे शिरलं. ती उंदराने वाकडी केलेली नाही. म्हणजे त्या घडीत काका होते, आणि कुशाबाने त्यांना राहू दिलं होतं. वडिलांच्या पगडीतही वडील होते. तिला गणोजीने सरळ केलं, आणि वडील निघून गेले. आता कोणालाही त्यांना परत आणता येणार नव्हतं.

मग त्याला राजाच्या पगडीतला खळगा आठवला. तो खळगा कोणी पाडला होता? उंदराने, पेटीने, की माणसाने? हे न विचारताच त्याने पगडी गणोजीला देऊन टाकली होती.

येसोबा पळत सुटला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, राज्याचा जामदार भर बाजारातून पळतो आहे आणि तोही उघड्या डोक्याने. त्याची पगडी खुंटीवरच राहिली होती. बायका तोंडाला पदर लावू लागल्या. वाण्याने तराजू खाली ठेवला. "अहो जामदार, कोण गेलं? आवडाई गेल्या का?" येसोबा तसाच पुढे पळाला. गणोजीच्या दुकानासमोर अजून गुलाल सांडलेला होता, त्यावरून त्याचा पाय घसरला, तसाच तो सावरला आणि आत शिरला.

आत चुलीवर मडकं होतं. मडक्याच्या तोंडातून वाफेचा लोट उठत होता. गणोजी राजाची पगडी दोन्ही हातांत उपडी धरून वाफेवर आणत होता. वाफेने कापड मऊ झालं, की आतून मूठ दाबायची आणि खळगा वर. एक क्षणाचं काम.

येसोबाने सरळ आपला तळहात वाफ आणि पगडीच्या मध्ये घातला.

गणोजी पगडी घेऊन मागे सरला. "जामदारसाहेब, हात भाजला ना तुमचा. आणि असे बोडके का आलात? घरात कोण गेलं?"

"जाता जाता राहिलं," येसोबा धापा टाकत म्हणाला. "खळगा काढू नकोस."

"खळगा काढायचा नाही? मग मी करायचं काय? राजाच्या डोक्यावर ताक घुसळायचं भांडं दिसेल ते."

"तो कशाने पडला, तुला माहीत आहे?"

"कशाने का पडेना. पडला आहे तर काढायचा. पगडबंद असतो कशाला?"

गणोजी लबाड नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. नवी पगडी बांधावी तर त्यानेच. म्हणून येसोबाने त्याला हात जोडले आणि म्हटलं, "गणोजी, चुकलो मी. तुझं कसब पाहिलं आणि काम कुठलं आहे तेच विसरलो. पगडी परत दे."

गणोजीला राग आला. पण जामदाराच्या तळहातावर उठलेले फोड बघून त्याने पगडी परत दिली.

कुशाबा नदीपलीकडे पोचला होता. येसोबाने अलीकडून हाका मारल्या, मग तसाच पगडी डोक्यावर उंच धरून मांडीभर पाण्यातून गेला. कुशाबा खडकावर बसून शिळी भाकरी खात होता.

"आलात का?" तो म्हणाला. "बसा. भाकरी आहे, कांदा मात्र संपला."

"कुशाबा, ही पगडी तू कर."

"बघतो आधी. करायची का नाही ते मग."

तो येसोबाच्या घरी येऊन राहिला आणि पगडीची शिसवी पेटीही त्याने तिथे मागवून घेतली. पहिले तीन दिवस त्याने सुईला हात लावला नाही. पगडी गुडघ्यावर ठेवायची आणि फिरवून बघत राहायचं, एवढंच. येसोबा घरात येरझारा घालायचा. वर जायला आता पंचवीस दिवसच राहिले होते. आवडाई म्हणायची, "येसू, बस रे एका जागी. तो पगडी बघतो आहे आणि मला चक्कर येते आहे."

चौथ्या दिवशी कुशाबाने पगडी पेटीत ठेवून झाकण लावलं आणि फटीतून काडी घातली. "झाकण आणि पगडी यांच्यामध्ये चार बोटं जागा आहे. पेटीने चेपलेली नाही."

"मग पडली असेल."

"पडली असती तर एका अंगाला चेपली असती. ही वरून सरळ दबली आहे. तीही एकदा नाही. पुष्कळ वेळा." त्याने खळग्यातला एक पीळ हलकेच सैल केला, दाभणाच्या टोकाने काहीतरी उकरलं आणि येसोबाच्या भाजलेल्या तळहातावर ठेवलं. राखाडी, खरबरीत भुकटी. "दगडाची आहे. ओझं वाहिलं आहे या पगडीवर, जामदार."

"राजाच्या डोक्यावर ओझं? अरे, आमच्या पोथीत लिहिलं आहे, महाराजांनी सोन्याच्या कुदळीने पहिला घाव घातला आणि छत्राखाली बसून बंधारा बांधून घेतला."

"पोथी मला वाचता येत नाही," कुशाबा म्हणाला. "पगडी येते."

मग मात्र तो कामाला लागला. उंदरांनी खाल्लेल्या घड्या त्याने त्याच जातीच्या जुन्या कापडाने भरल्या. त्यासाठी आवडाईने आपलं लग्नातलं लुगडं काढून दिलं. अस्तर बदललं नाही, चिंध्या एकीला एक जोडून तेच पुन्हा लावलं. जर चिंचेच्या पाण्याने अगदी हलकी पुसली, काळी होती ती तांबूस झाली आणि तिथेच तो थांबला. खळग्यातला सैल केलेला पीळ त्याने होता तसाच बसवला, भुकटीसकट. येसोबा सारखा शेजारी बसून होता. एकेक टाका पडताना त्याला वाटे, आपणच शिवले जातो आहोत. इतका आनंद त्याला चाकरीच्या तीस वर्षांत झाला नव्हता.

दरबारात पगडी आली तेव्हा मानकऱ्यांच्या मिशांखाली हसू पसरलं. एक जण म्हणाला, "पाऊस आला तर महाराजांच्या डोक्यावर तळं साचेल."

राजाने येसोबाकडे पाहिलं. "गणोजीला निवडलंत, मग त्याच्याकडून काढून घेतलीत. आणि आता हे. मी खड्डा पडलेली पगडी घालून वर जायचं?"

"होय, महाराज. जे उंदराने केलं होतं ते सगळं दुरुस्त झालं आहे. हा खळगा माणसाने केलेला आहे. कोणी, का, ते मला माहीत नाही. म्हणूनच त्याला हात लावू दिला नाही."

"आणि ओळखली नाही तर?"

येसोबाने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि राजाच्या पायाशी ठेवला. "तर या मला परत देऊ नका. साठ गावांना काय सांगायचं ते मी जाऊन सांगेन, एकेका गावात, माझ्या तोंडाने."

राजा तरुण होता, त्याला लाज वाटत होती. पण किल्ल्यांचा तो आवाज त्याने ऐकला आणि पगडी डोक्यावर चढवली.

वरच्या खोऱ्यात त्या दिवशी सारा डोंगर लोटला होता. ढोल घुमत होते. मागून खालच्या गावांतली माणसंही आली होती. ती नुसती मोरीकडे बघत होती. डोंगरातलं सगळ्यांत वडील माणूस म्हणजे एक म्हातारी. डोळ्यांनी पूर्ण आंधळी. येसोबाने तिचे पांढरे डोळे पाहिले आणि त्याला घाम फुटला. हिला रंग दिसणार नाही, जर दिसणार नाही.

म्हातारीने पगडी हातात घेतली. सगळे वाट बघत होते, की ती आता झोपडीत जाईल. पण ती म्हणाली, "आता पायऱ्या चढवत नाहीत मला. इथेच बघते." आणि ढोल थांबले.

तिची बोटं मागच्या घड्यांवरून फिरली. तिथे ती थबकली. "हे कापड दुसरं आहे," ती म्हणाली.

राजाचा चेहरा उतरला. मानकऱ्यांनी येसोबाकडे पाहिलं. कुशाबा मात्र पुढे झाला. "दुसरंच आहे, आजी. उंदराने खाल्लं तेवढं मी भरलं."

"बरं केलंस. लपवलं नाहीस तेही बरं केलंस." तिची बोटं वर सरकली, माथ्याला लागली आणि अलगद त्या खळग्यात उतरली. तिथे ती राहिली. चिमटीत तिने पीळ चोळला, बोटांना लागलेली भुकटी जिभेच्या टोकाला लावली.

मग ती हसली. तिच्या तोंडात एकच दात होता.

"खालच्या लोकांनो, ऐका. हे आम्ही झोपडीत ठेवत होतो, कारण तुमची पोथी वेगळं सांगते आणि कोणाची पोथी खोटी पाडू नये. बंधाऱ्याला दगड कमी पडत होते आणि पाऊस चार दिवसांवर आला होता, तेव्हा तुमचा राजा आमच्या रांगेत उभा राहिला. आमच्या डोक्यावर ओझ्याखाली घ्यायच्या कापडाच्या चुंबळी होत्या. त्याच्याकडे चुंबळ नव्हती. त्याने पगडीवर दगड घेतला. एक नाही, चार दिवस, दिवसभर. पगड्या कोणीही बांधील. चुंबळ झालेली पगडी जगात एकच आहे." तिने पगडी दोन्ही हातांनी उंच धरली. "ओळखली."

ढोलांनी डोंगर हादरला. खालच्या गावांतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मानकरी खाली बघू लागले. येसोबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

राजा मात्र बंधाऱ्याकडे बघत होता. त्याने म्हातारीला विचारलं, "आजी, बंधाऱ्याला यंदा डागडुजी आहे का?"

"दर वर्षी असते, बाळा. त्या तिकडे रांग चालू आहे."

राजाने पगडी डोक्यावर घातली, रांगेपाशी गेला आणि एका माणसाला म्हणाला, "चढव." त्या माणसाने भीत भीत दगड उचलला. मानकऱ्यांनी डोळे मिटले. पण दगड डुगडुगला नाही, घसरला नाही. तो त्या खळग्यात असा बसला, जणू कालच तिथून उतरवून ठेवला होता. आणि राजा बंधाऱ्याकडे चालू लागला.

त्या दिवशी मोरी उघडली आणि पाणी साठही गावांना पोचलं. मानकऱ्यांनाही मग एकेक दगड घ्यावा लागला, आणि त्यांच्या गुळगुळीत पगड्यांवरून तो दर दहा पावलांना खाली पडत होता.

येसोबाला किल्ल्या परत मिळाल्या. नव्या पगड्या बांधायचा मान गणोजीला राहिला, जुन्यांचं सारं काम कुशाबाकडे आलं. पुढे एकदा गणोजी स्वतः कुशाबाकडे गेला आणि म्हणाला, "तुला कळतं कसं, कुठे थांबायचं?" कुशाबा म्हणाला, "तीन दिवस नुसता बस माझ्याजवळ. पण हात मागे बांधून." गणोजी बसला, असं सांगतात.

एवढं मात्र झालं, की येसोबाच्या वडिलांच्या पगडीत वडील पुन्हा कधी आले नाहीत. ती शेवटपर्यंत सुरेखच राहिली, आणि आवडाई तिच्यासमोरून सुरेख वस्तूसमोरून जावं तशी जात असे.

म्हणून लहानमोठ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: जुनी वस्तू दुरुस्तीला द्यावी ती झीज आणि खूण यांतला फरक ओळखणाऱ्या हाती, कारण झीज भरून निघते, पण पुसलेली खूण परत येत नाही.